अंगालगतचा थर : लोकर, कापूस आणि पॉलिएस्टरच्या वादाचा आढावा

मंडईतला प्रश्न

हिमालयात निघालेल्या पुणेकराची उबदार कपड्यांची खरेदी अजूनही बरीचशी महात्मा फुले मंडईच्या आसपास होते. तुळशीबागेतल्या आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या होजिअरीच्या दुकानांत दिवाळीनंतर थर्मलचे जोड दर्शनी भागात येतात. बहुतेक माल कापूस आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाचा असतो. आत हवेचे लहान कप्पे राहतील अशी त्याची गादीसारखी विण असते, आणि किंमत कोणत्याही घराला झेपेल इतकी असते. ज्या गावात हिवाळ्यातल्या कडक रात्रीही पारा साधारण दहा अंशांच्या आसपास थांबतो, तिथल्या आजी-आजोबांच्या पहाटेला हा कपडा पुरून उरतो. तोच जोड पाठपिशवीत भरून मंडळी साडेबारा हजार फुटांवरच्या केदारकंठला जातात, किंवा झंस्करच्या गोठलेल्या नदीवरून चादर ट्रेक करायला जातात. तिथे रात्री पारा उणे वीसच्याही खाली उतरतो. एकाच कपड्याकडून इतक्या वेगळ्या दोन कामांची अपेक्षा ठेवली की मतभेद होणार हे उघड आहे. एकजण म्हणतो, मेरिनो लोकरीशिवाय डोंगरात पाऊल टाकू नये. दुसरा म्हणतो, पॉलिएस्टर लवकर वाळते, तेच घ्यावे. तिसऱ्याच्या मते दुकानातल्या नेहमीच्या थर्मलवर स्वेटर चढवला की काम भागते.

पुण्यात हा प्रश्न थोड्या हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. १९८२मध्ये स्थापन झालेल्या 'गिरिप्रेमी' संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९मध्ये कांचनगंगा मोहीम यशस्वी केली. अशा मोहिमांनी शहरात हिमालयाची ओढ रुजवली, आणि त्यांच्या मागोमाग दर हिवाळ्यात पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्यांची मोठी फळी तयार होते. सिंहगडावर पाठीवर ओझे घेऊन सराव करणाऱ्या या मंडळींना बूट कोणते घ्यावेत, पाठपिशवी किती लिटरची असावी, याबद्दल बराचसा एकमुखी सल्ला मिळतो. अंगाला चिकटून असणाऱ्या थराबद्दल मात्र प्रत्येक अनुभवी माणूस वेगळे सांगतो, आणि स्वतःच्या अनुभवाला धरून तो बरोबरही असतो. या मतांच्या मागचा पुरावा तपासून पाहिला, तर वाद ज्या मुद्द्यावर रंगतो तो धाग्याचा मुद्दा त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी

अंगालगत काय घालावे याची शास्त्रीय वाटणारी चर्चा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. गुस्ताव येगर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने माणसाने फक्त प्राणिज धाग्यांचेच कपडे घालावेत असा आग्रह धरला. त्याच्या सिद्धान्तावर १८८४मध्ये लंडनमध्ये लोकरी कपड्यांचा व्यवसायही उभा राहिला. येगरची कारणमीमांसा आज कोणी मानत नाही, पण लोकर आरोग्याला चांगली आणि वनस्पतिज धागा वाईट ही त्याची विभागणी गिर्यारोहकांच्या बोलण्यात अजून टिकून आहे. त्याच काळातले समुद्रतळाशी काम करणारे पाणबुडे तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी कापडाचा बंद पोशाख घालत. त्यांच्या अंगातही जाड लोकरी कपड्यांचे दोन-तीन थर असत. म्हणजे पाण्याखाली आणि पर्वतावर, दोन्हीकडे लोकर ही सुरुवातीची सर्वमान्य निवड होती.

१९२४मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर एकावर एक चढवलेले होते आणि सर्वांत वर गॅबर्डिनचा कोट होता. या कपड्यांच्या अवशेषांचा अभ्यास करून ब्रिटनमध्ये त्यांची हुबेहूब प्रतिकृती विणली गेली, आणि २००६मध्ये गिर्यारोहक ग्रॅहम हॉयलंडने ती एव्हरेस्टच्या पायथ्याशी अंगावर घालून पाहिली. ट्वीडचा कोट घालून पर्वतावर गेलेले भाबडे लोक, ही त्या पिढीची प्रतिमा त्यानंतर पार बदलली. हलके, एकमेकांवर सहज सरकणारे, मध्ये हवा धरून ठेवणारे अनेक थर हे तत्त्व त्यांना पुरते कळलेले होते. १९३३च्या सुमारास नॉर्वेचा लष्करी अधिकारी हेन्रिक ब्रून याने मासेमारीच्या जाळ्यांपासून मोठ्या भोकांचे बनियन तयार केले. १९५३च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत अशी जाळीदार बनियने होती. त्यानंतर १९७०च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन आले आणि १९८०च्या दशकात विशेष प्रक्रिया केलेले पॉलिएस्टर. लोकर काही काळ जुनाट ठरली. विसाव्या शतकाच्या शेवटी न्यूझीलंडच्या तलम मेरिनोने तिला पुन्हा बाजारात आणले. पुण्याच्या दुकानांत आज या सगळ्या कालखंडांतला माल शेजारी शेजारी टांगलेला दिसतो. गोंधळाचे एक कारण तेही आहे.

ऊब जाते कुठे

वादाकडे वळण्याआधी थोडे पदार्थविज्ञान डोळ्यांपुढे ठेवावे लागते. कपडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही, तो शरीराभोवती हवा अडकवून ठेवतो. स्थिर हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे, आणि पाणी तिच्या वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे धाग्यांमधल्या पोकळ्यांत हवेच्या जागी घाम शिरला की त्या कपड्याची जाडी कागदावर तेवढीच राहते, ऊब मात्र निम्म्यावर येऊ शकते. बाष्पीभवनाचा फटका त्याहून मोठा असतो. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. चढावर माणसाला तासाला अर्धा लिटर घाम सहज येतो. त्यातला शंभर ग्रॅम जरी बनियनमध्ये अडकला आणि थांबल्यानंतरच्या तासाभरात वाळला, तरी त्यासाठी सरासरी ६५ वॉटच्या वर उष्णता खर्ची पडते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर तयार करते ती उष्णता साधारण १०० वॉट. वाळण्यासाठी लागणारी सगळी उष्णता शरीराकडूनच जाते असे नाही, काही भाग भोवतालच्या हवेतून येतो. तरीही चढताना घामाघूम झालेला गडी खिंडीत दहा मिनिटे टेकल्यावर दात का वाजवू लागतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट धाग्याने बाष्प शोषून घेण्याची. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी बाष्परूपाने आत घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. रेशीम ११ टक्के घेते, कापूस सात-आठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही, आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. बाष्प शोषताना लोकर उष्णता बाहेर टाकते हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. दोनशे ग्रॅमच्या मेरिनो बनियनने कोरड्या हवेतून घामट हवेत गेल्यावर पंचवीस ग्रॅम बाष्प घेतले, तर साठ हजार ज्यूलच्या आसपास उष्णता सुटते. अर्ध्या तासावर वाटली तर ती तीसएक वॉट होते, आणि अंगाला जाणवण्याइतकी आहे. पण ही ऊब उसनी आहे. तेच बनियन पुढे वाळवायचे तर घेतलेली उष्णता पुरेपूर परत द्यावी लागते. लोकरीचा खरा गुण असा की ती हा व्यवहार हळू करते, एकदम झटका बसू देत नाही.

मुख्य भूमिका

लोकरीच्या बाजूचे लोक या संथपणावरच भर देतात. त्यांचे म्हणणे असे की डोंगरात माणूस सारखा एका वेगाने चालत नाही. चढ, विसावा, सपाटी, पुन्हा चढ असा दिवस जातो, आणि या चढउतारांत लोकर मधल्या मध्ये ओल सांभाळून घेते. तिच्या धाग्याला जन्मजात कुरळेपणा असल्यामुळे ओली झाली तरी ती पूर्ण चपटी होत नाही, काही हवा आत राहतेच. दुसरा मुद्दा वासाचा, आणि या बाबतीत पुरावा बळकट आहे. न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घामाने भिजलेल्या कपड्यांचा वास प्रशिक्षित लोकांकडून तपासला गेला. पॉलिएस्टरचा वास सर्वांत उग्र ठरला, लोकरीचा सर्वांत सौम्य. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये दाखवले की दुर्गंध निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर अधिक जोमाने वाढतात. सहा-सात दिवस आंघोळ नाही, एका तंबूत तिघे, अशा प्रवासात हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकरीच्या उणिवाही तिचे समर्थक मान्य करतात. ती महाग आहे, पातळ मेरिनोला भोके लवकर पडतात, तिला कसर लागते, आणि पूर्ण भिजली तर वाळायला वेळ घेते.

कृत्रिम धाग्याच्या बाजूचे लोक वाळण्याच्या वेगापासून सुरुवात करतात. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी शिरत नाही. ते धाग्यांच्या मधल्या फटींत राहते आणि तिथून बाहेरच्या थराकडे सरकते. पिळले की बरेचसे निघून जाते, अंगावरच्या उष्णतेने उरलेलेही लवकर उडते. हा कपडा मशीनमध्ये कसाही धुता येतो, वर्षानुवर्षे टिकतो आणि मेरिनोच्या कित्येक पट कमी पैशांत मिळतो. पहिल्यांदाच जाणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला दोन जोड घेता येतात, आणि एका भारी जोडापेक्षा दोन साधे जोड कधीही बरे, हा त्यांचा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. घाम बाहेर ओढून नेण्याची जी जाहिरात होते तिच्याबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. ते काम धाग्यापेक्षा विण, धाग्याचा छेद आणि वरून दिलेली प्रक्रिया करतात, आणि ही प्रक्रिया धुण्यागणिक कमी होऊ शकते. आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते, पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास, आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. लोकर सहजी पेट घेत नाही, आणि वितळत तर नाहीच. स्वयंपाकाच्या तंबूत स्टोव्हजवळ वावरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

जाळीदार बनियनाचा पुरस्कार करणारे भारतात थोडे आहेत, पण त्यांचा विचार सर्वांत तर्कशुद्ध आहे. भोकांमध्ये हवा राहते, ओल धरून ठेवायला कपडाच थोडा असतो, आणि वरचा थर कातडीपासून दूर उचलला जातो. चालताना गळ्याजवळची चेन उघडली की बाष्प बाहेर पडते, थांबल्यावर बंद केली की हवा अडकते. वर नीट बसणारा दुसरा थर नसेल तर मात्र हे बनियन निरुपयोगी, कारण उघड्या भोकांतून वारा थेट लागतो.

कापसाची बाजू मांडायला सहसा कोणी उभे राहत नाही. गिर्यारोहणाच्या वर्गांत कापूस म्हणजे घात, असेच शिकवले जाते. चढावर घामाने भिजणारे आणि नंतर वाऱ्यात थांबणारे शरीर असेल तर हे योग्यच आहे. ओला कापूस अंगाला चिकटतो, त्याची विण कोलमडते आणि तो सावकाश वाळतो. पण कोरड्या थंडीत, घाम न येता, रात्री झोपताना घातलेले कापूस-पॉलिएस्टरचे जाड थर्मल चांगले काम देते. तुळशीबागेतला तो जोड टाकाऊ ठरवण्याऐवजी त्याची वेळ ठरवून द्यावी. तंबूत शिरल्यावर कोरडा जोड म्हणून तो घालावा, चढताना पाठपिशवीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

मोजमापे काय सांगतात

या भूमिका एकमेकींसमोर ठेवून पाहिल्या तर प्रत्येकजण धाग्याबद्दल बोलतो आहे हे लक्षात येते. माणसांवर झालेले प्रयोग वेगळीकडे बोट दाखवतात. डेन्मार्कच्या रुथ निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९-९०च्या सुमारास एकाच धाग्याची, म्हणजे निव्वळ पॉलिप्रॉपिलीनची, पाच वेगळ्या विणींची अंतर्वस्त्रे थंड हवेत काम आणि विश्रांती आलटून पालटून तपासली. साधी बरगडीची विण, लवदार फ्लीस, जाळी, इंटरलॉक आणि दुपदरी असे ते पाच प्रकार होते. कातडीचे तापमान आणि कातडीवरची ओल यांत विणीनुसार लक्षणीय फरक पडला, शरीराच्या गाभ्याच्या तापमानात पडला नाही. पुढे बाक्केविग आणि निल्सन यांनी १९९४मध्ये ओल्या आणि कोरड्या अंतर्वस्त्रांची दहा अंश तापमानात बसलेल्या माणसांवर तुलना केली. अंतर्वस्त्र ओले असणे फार महत्त्वाचे ठरले. आणि त्या वस्त्राची जाडी, ते कोणत्या धाग्याचे आहे यापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. लोकर जिंकली किंवा पॉलिप्रॉपिलीन हरले असा निकाल यातून काढता येत नाही. ओलावा, जाडी आणि विण हे तीन घटक आधी येतात, धाग्याचा क्रम त्यांच्यानंतर लागतो, एवढे मात्र म्हणता येते.

याच मुद्द्याची अधिक कठोर परीक्षा पाण्याखाली झालेली आहे. थंड समुद्रात बुडी मारणारे ड्रायसूट वापरतात. त्यात पाणी शिरत नाही, पण आतला घामही बाहेर जात नाही. वारा, पाऊस, श्वास घेणारे जाकीट असे सगळे वादाचे मुद्दे तिथे आपोआप गळून पडतात. उरतात फक्त शरीर, आतला थर आणि बंद हवा. शिवाय दाबाचा प्रश्न असतो. तीस मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो, आणि सूटमध्ये वायू सोडत राहिले नाही तर आतला कपडा दाबून चपटा होतो. म्हणून तिथे पिंजलेल्या फुगीर कपड्यापेक्षा दाबाखाली आकार टिकवणारा दाट थर निवडतात, आणि कातडीलगत घाम दूर नेणारा पातळ लोकरी किंवा कृत्रिम थर घालतात. हवेऐवजी आरगॉन वायू भरला तर ऊब वाढेल असे बरीच वर्षे मानले जात होते, कारण आरगॉनची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. नॉर्वेच्या रिसबर्ग आणि होप यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत आरगॉनचा मोजण्याजोगा फायदा दिसला नाही. पदार्थाचा गुणधर्म कितीही खरा असला, तरी पोशाख म्हणून एकत्र आल्यावर तो तेवढाच उरेल याची खात्री नसते, हे या निष्कर्षातून शिकण्यासारखे आहे.

आपल्या तारकर्लीच्या समुद्रात ड्रायसूटची गरज पडत नाही, पाणी उबदार असते. तरी पुण्यातल्या माणसाला तशी स्थिती दोनदा भेटते. एक चादरीवर. बर्फावरच्या पाण्यातून चालायला तिथे गमबूट घालतात, आणि रबरी बुटातून घाम बाहेर जायला वाट नसते. पायापुरता तो ड्रायसूटच. तिथे मोज्याच्या धाग्यावर खल करण्यापेक्षा दुपारी मोजे बदलणे आणि ओला जोड पोटाशी धरून वाळवणे जास्त कामाचे ठरते. बूट घट्ट होतील इतके मोजे चढवणेही घातक, कारण दाबलेल्या मोज्यात हवा राहत नाही आणि रक्ताभिसरणही अडते. दुसरी वेळ सह्याद्रीतल्या पावसाळ्याची. आषाढातल्या धुक्यात हवा बाष्पाने भरलेली असते, घाम उडायला जागाच नसते, आणि वर न झिरपणारा रेनकोट. आतला माणूस पावसाने भिजत नाही, घामाने भिजतो. पारा अठरा-वीसवर असला तरी घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात भिजलेल्या अंगाने तासभर थांबणे धोक्याचे असते. इथे जाड लोकरीचाही उपयोग नाही. पातळ, चटकन पिळता येणारा थर आणि पायथ्याशी परतल्यावर कोरडे कपडे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

घोंगडीचा मुद्दा

महाराष्ट्रात ही चर्चा घोंगडीवर आल्याशिवाय राहत नाही, आणि ती यावीही. दख्खनी मेंढीची काळी लोकर, सांगर समाजाचे माग, चिंचोक्याची खळ, आणि धनगराच्या खांद्यावर बारा महिने असणारे ते वस्त्र. इतकी चांगली लोकर घरची असताना परदेशी मेरिनो कशाला, असा प्रश्न मनापासून विचारला जातो. उत्तर धाग्याच्या जाडीत आहे. कातडीला टोचणे हे मुख्यतः तीस मायक्रॉनपेक्षा जाड धाग्यांमुळे होते. असे धागे थोडे जरी असले तरी बहुतेकांना खाज सुटते. चांगल्या मेरिनोचा धागा सतरा ते एकोणीस मायक्रॉनचा असतो, दख्खनी लोकर तीसच्या बरीच पुढे जाते आणि तिच्यात आतून पोकळ, राठ केस पुष्कळ असतात. कातडीलगत ती चालणार नाही. पण बाहेरचे वस्त्र म्हणून हाच राठपणा गुण ठरतो. दाट विणलेली घोंगडी पावसाचा मारा बराच वेळ अडवते, ओली झाली तरी पोत धरून राहते, ठिणगीने पेटत नाही. दख्खनी मेंढीचा मेरिनो वंशाच्या मेंढ्यांशी संकर करून मऊ लोकर मिळवण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. मेंढपाळाचे उत्पन्न मात्र आज मुख्यतः मांसावर आहे, आणि लोकर कातरण्याची मजुरीही वसूल होईनाशी झाली आहे. घोंगडीला डोंगरातल्या पोशाखात जागा मिळायची असेल तर ती मधल्या किंवा बाहेरच्या थरात, बसायच्या आसनात, बुटांच्या आतल्या तळव्यांत शोधावी लागेल. त्या दिशेने फारच थोडे काम झाले आहे याचे वाईट वाटते.

आक्षेप

धागा हा दुय्यम मुद्दा आहे या प्रतिपादनावर दोन आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा : धनगर पिढ्यान्‌पिढ्या कातडीलगत सुती बंडी घालून वर घोंगडी घेतो आणि पावसात उभा राहतो, मग कापूस वाईट कसा? पण त्याची चाल कळपाच्या वेगाची असते, घाम थोडा येतो, वरचे वस्त्र बाष्प अडवत नाही, आणि दख्खनच्या पठारावरची थंडी हिमालयाच्या थंडीच्या जवळपासही जात नाही. त्याचा पोशाख त्याच्या कामाला नेमका जुळलेला आहे. आधी काम आणि घाम, मग धागा, हा क्रम या उदाहरणाने उलट पक्का होतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. प्रयोग तासा-दोन तासांचे असतात, ठरावीक तापमानात होतात, त्यातली माणसे सुरक्षित खोलीत असतात. दहा दिवसांच्या मोहिमेत, साचत गेलेल्या ओलीत, थकलेल्या आणि कमी जेवलेल्या शरीरावर लोकरीचा संथपणा निर्णायक ठरू शकतो, आणि अनुभवी गिर्यारोहकांचा लोकरीकडचा कल त्यातूनच आला असेल. या आक्षेपात तथ्य आहे. मोजता आले नाही म्हणून फरक नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण त्यावरून नवख्याने ऐपत नसताना एकच मेरिनो जोड घ्यावा असा सल्ला निघत नाही. साचत जाणाऱ्या ओलीवरचा पहिला उपाय बदलायला कोरडा जोड असणे हाच आहे. त्यानंतर चढ सुरू करण्याआधी थोडे गारठायची तयारी ठेवून वरचा थर काढणे, आणि थांबताक्षणी तो पुन्हा चढवणे. आतकरवाडीतून सिंहगड चढताना डिसेंबरच्या पहाटे हा सराव सहज करता येतो, आणि कोणता कपडा आपल्या अंगाला कसा वागतो हे बर्फात जाण्याआधी तिथे कळते.

शिल्लक राहिलेले प्रश्न

काही प्रश्न अजून खुले आहेत. मोजमापांचा मोठा भाग उत्तर युरोप आणि अमेरिकेतल्या तरुण पुरुषांवरचा आहे. अंगालगतचा थर सैल राहिला तर त्यातून वारा खेळतो, फार घट्ट झाला तर हवा उरत नाही. म्हणजे माप हा ऊब ठरवणारा घटक आहे, आणि बाजारातली बरीच मापे परदेशी शरीरांवर बेतलेली आहेत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापांसाठी 'इंडियासाइझ' सर्वेक्षण हाती घेतले. त्याचा लाभ डोंगरी कपड्यांपर्यंत, विशेषतः बायकांच्या कपड्यांपर्यंत, पोचायला हवा. दुकानांत पुरुषांचेच थर्मल लहान मापात काढून मुलींना दिले जाते, आणि कंबर, छाती, नितंब या तिन्ही ठिकाणी ते कुठेतरी सुटते किंवा काचते. उष्ण प्रदेशात वाढलेल्या माणसाचा घाम आणि थंडीची जाणीव यांत किती फरक असतो, त्यामुळे थरांची निवड बदलावी का, याबद्दलही ठाम काही सांगण्याइतका आधार हाताशी नाही.

सैन्याकडून काही उत्तरे मिळू शकतील. डीआरडीओने अतिशीत हवामानासाठीच्या तीन थरांच्या पोशाखाचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२१मध्ये पाच भारतीय कंपन्यांकडे सोपवले. अधिक पंधरा ते उणे पन्नास अंशांपर्यंत, श्रमाच्या प्रमाणानुसार थर कमी-जास्त करता येतील अशी त्याची रचना आहे. ऊब श्रमाशी जोडून मोजण्याची ही पद्धत नागरी बाजारात आली तर ग्राहकाचे फार भले होईल. आज थर्मलच्या खोक्यावर बर्फाच्छादित शिखराचे चित्र असते. कपड्याचे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, मिश्रणाचे प्रमाण, वाळायला लागणारा वेळ यांतले फार थोडे लिहिलेले असते. मिश्रणाचे प्रमाण तरी आतल्या पट्टीवर बहुधा सापडते, आणि कापसाचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तर तो जोड झोपण्यासाठी, एवढे गिऱ्हाईक स्वतःच ठरवू शकते.

पर्यावरणाचा प्रश्न या वादात अलीकडे आला आहे. पॉलिएस्टर धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. मेरिनोच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांची मागची कातडी कापण्याच्या प्रथेवर आक्षेप आहेत, आणि लोकर इतक्या दुरून येते. कापसाला पाणी आणि कीटकनाशके लागतात. यातला कोणता भार जड, हे कपडा किती वर्षे वापरला जातो यावर इतके अवलंबून आहे की धाग्यांची सरसकट क्रमवारी लावणे मला आज तरी शक्य वाटत नाही. पुण्यात ट्रेकचे सामान भाड्याने देणारे आहेत, पण अंगालगतचा थर भाड्याने घ्यायला स्वाभाविकच कोणी तयार नसतो. त्यामुळे वर्षातून एकदा आठ दिवस घालून कपाटात पडणारे जोड घरोघरी साठत आहेत, आणि ते पुढच्या हंगामात दुसऱ्या कोणाच्या उपयोगी कसे पडतील याची व्यवस्था अजून कोणत्याही संस्थेने नीट बसवलेली दिसत नाही.